फ्लेक्सवर पहिलं नाव कुणाचं?

नमस्कार ताई,

शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातून लिहितेय. गावाचं नाव छापू नका, गाव लहान आहे, लगेच कळेल. मी आमच्या ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या महिला बचत गटांच्या संघाची, सचिव आहे. बचत गटांशिवाय गावात दोन तरुण मंडळं आहेत, दूध संस्था आहे, नदीवरून पाणी उचलणारी पाणीपुरवठा संस्था आहे, शेतकरी संघटनेची शाखा आहे आणि शाळेचा माजी विद्यार्थी संघ आहे. २०२१ च्या महापुरात सगळ्यांनी जिवापाड काम केलं, पण ज्यानं त्यानं आपापलं. शाळेत तीन ठिकाणी खिचडी शिजत होती आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दोन दिवस कुणीच पोचलं नव्हतं. नंतर सगळ्यांची मिळून समन्वय समिती केली. तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष कोण आणि फ्लेक्सवर पहिलं नाव कुणाचं, यावरून ती मोडली.

आता जिल्ह्याच्या ठिकाणची एक मोठी संस्था आली आहे. 'गावाचा हवामान कृती आराखडा' करून देतो, निधीही मिळेल, पण पंधरा दिवसांत ग्रामसंघाचं संमतीपत्र द्या, असं म्हणते. तरुण मंडळांना कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याविरोधात मोर्चा काढायचाय. शेतकरी संघटना म्हणते, पुराबद्दल काय ते बोला, उसाचं नाव काढायचं नाही. सरपंच म्हणतात, आधी एक होऊन या, मग बघू. आम्ही एकत्र यायचं तरी कसं? त्या संस्थेला सही द्यायची का? आणि खरं सांगा, आमच्यासारख्या गावाच्या बोलण्यानं धोरण-बिरण बदलतं का?

– एक सचिव

ताई,

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण माझं बोट पत्रातल्या एकाच वाक्यावर अडून बसलंय. शाळेत तीन चुली पेटलेल्या आणि ओढ्यापलीकडं दोन दिवस काही नाही. म्हणजे तुमच्या गावात माणसं होती, तांदूळ होता, डाळ होती, रात्र-रात्र जागायची तयारी होती. कुठल्या घरात कोण अडकलंय, हे मात्र एका जागी कुणालाच माहीत नव्हतं. पुढं मी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

समिती मोडली म्हणून गावच्या माणसांना नावं ठेवू नका. एकत्र येणं कोल्हापूर जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. टोलविरोधी आंदोलन आठवा. तालमी, पेठा, वकील, महिला, सगळे पक्ष एका कृती समितीत होते आणि २०१५ च्या अखेरीस शहरातला टोल रद्द झाला. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं रेटा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं. शेजारी गोव्यात २००६ मध्ये शेती आणि डोंगर बांधकामांना मोकळे करणारा प्रादेशिक आराखडा आला, तेव्हा वर्षाच्या शेवटी गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि काही आठवड्यांत सरकारला तो मागं घ्यावा लागला. या तिन्ही लढ्यांत मागणी एका वाक्यात मावत होती आणि ती ज्याच्याकडं करायची तो गावाबाहेर बसला होता. अशा वेळी कृती समितीसारखं हत्यार दुसरं नाही.

पुराचं तसं नाही. पाणी बाहेरून येतं हे खरं, पण ते कुठं तुंबतं आणि कुणाच्या घरात किती दिवस राहतं यात आपलाही हात असतो. रस्त्याचा भराव पडत होता तेव्हा आपणच पेढे वाटले होते. ओढ्याची रुंदी ज्यानं बांधात घेतली तो आपलाच भाऊबंद असतो. बांधकामाला मनाई असलेल्या निळ्या पूररेषेच्या आत घर बांधलं, त्याला विजेचं मीटर मिळवून द्यायला आपणच कचेरीत गेलो होतो. तुमच्या समितीत बसलेल्या प्रत्येक संस्थेला हे आतून माहीत होतं. म्हणून कुणी मूळ विषयाला हात घातला नाही आणि सगळं भांडण फ्लेक्सवर निघालं. तिथं भांडणं सोपं असतं.

याला दुसरी रीत लागते, आणि ती तुमच्याच गावात चालू आहे. तुमची पाणीपुरवठा संस्था कशी चालते बघा. तिथं सगळ्यांचं एकमेकांशी पटतं असं थोडंच आहे? काहींचं तीन पिढ्या बोलणं नसेल. तरी पाणी मिळतं, कारण पाळीपत्रक लिहिलेलं असतं, कुणाचे किती तास ते ठरलेलं असतं, पाणी सोडणारा पाटकरी कुणाच्या बाजूचा नसतो आणि वहीत नोंद होते. तुमच्याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण क्षारपड जमिनींचं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून नापीक झालेल्या जमिनी सुधारल्या, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. त्या कामातली अडचण पाइपांपेक्षा माणसांची होती. आपल्या रानातलं खारं पाणी काढून सोडायचं कुठं? ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या प्रत्येकाच्या रानातून जावं लागतं. वरच्याची जमीन सुधारायची तर खालच्याची संमती हवी, आणि खालच्याला स्वतःचा फायदा दिसल्याशिवाय तो संमती देत नाही. तुमच्या सात संस्थांचं नेमकं असंच आहे.

आता माझा एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहरातल्या नदीसाठी आम्ही बारा संस्था एकत्र आलो होतो. एकत्र म्हणजे व्यासपीठ एक आणि निवेदनं बारा. चार वर्षांनी माहितीच्या अधिकारात फाइल बघायला मिळाली. आमची सगळी निवेदनं तिथं तारखेप्रमाणे नीट लावलेली होती आणि प्रत्येकावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा होता. समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं की बाधित घरांची संख्या प्रत्येक निवेदनात वेगळी आहे. एकात तीनशे, दुसऱ्यात पाचशे, तिसऱ्यात हजारावर. ज्यानं ते लिहिलं त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही बारा संस्थांनी चार वर्षांत एकदाही मिळून घरं मोजली नव्हती. ती फाइल परत देऊन मी त्या कचेरीच्या जिन्यात किती वेळ बसून राहिले होते. आजही 'चला, सगळे मिळून निवेदन देऊ' असं कुणी म्हणालं की मला तो जिना आठवतो.

म्हणून समिती पुन्हा बोलावू नका. अध्यक्षाचा विषयच काढू नका. एक काम काढा, जे सात जणांपैकी एकालाही एकट्यानं पुरं करता येणार नाही. माझं सुचवणं आहे: पूरखुणांची वही.

टीव्हीवर आकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे येतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये तिथं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. पण तो बंधारा कसबा बावड्याला, तुमच्या कितीतरी वरच्या अंगाला. तिथं ४३ फूट झाले की तुमच्या गावात देवळाच्या पायरीला पाणी किती तासांनी लागतं? शाळेकडचा रस्ता कधी बुडतो? ओढ्यापलीकडची वस्ती कधी तुटते? शिरोळ तालुक्यात हा हिशेब आणखी अवघड आहे, कारण नृसिंहवाडीच्या संगमाशी कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं वाट राहत नाही आणि फुगवट्याचं पाणी मागं पसरतं. वर पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी तुमच्याकडं पाणी चढतच असतं. बातम्यांतला आकडा ऐकून तुमच्या गावातल्या म्हातारीनं घर कधी सोडायचं, हे सांगणारा कागद कुठल्याच कचेरीत नाही. तो तुम्हीच करू शकता, कारण त्याचे तुकडे तुमच्या सात संस्थांकडं विखरून पडलेत.

दूध संस्थेकडं रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या संकलनाचं रजिस्टर असतं. ज्या दिवशी टँकर आला नाही त्या दिवशी रस्ता तुटला, ज्या दिवशी परत आला त्या दिवशी सुरू झाला. रस्ता किती दिवस बंद होता याचा इतका पक्का पुरावा तहसील कचेरीतही सापडणार नाही. कुठल्या वस्तीचं दूध आधी थांबलं हेही त्यात दिसतं. पाणीपुरवठा संस्थेला मोटारी कधी वर काढल्या ते माहीत असतं. नदीकाठचा माणूस पाण्याची चाल बघून घर हलवायच्या आधी मोटार हलवतो, म्हणजे हा तुमचा जुना भोंगाच आहे, फक्त त्याची वेळ कुणी लिहून ठेवलेली नाही. तरुण मंडळांतल्या पोरांना कुठल्या गल्लीत छातीइतकं पाणी होतं, कुठं ओढ होती, कुठं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसं काढली, हे पाठ असेल. शेतकरी संघटनेकडं पंचनाम्यांच्या याद्या असतील, आणि जनावरं कुणी कुठं नेली हे तेच सांगू शकतील. जनावरांची सोय नसेल तर माणूस घर सोडत नाही, हे आपण २०१९ मध्येही पाहिलं आणि २०२१ मध्येही. माजी विद्यार्थी संघातले निम्मे पुण्या-मुंबईला असतील. नकाशा काढायचं काम त्यांना द्या, ते मोबाइलवर बसल्या जागी करतील आणि गावाशी जोडलेले राहतील.

आणि तुम्ही. गरोदर कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, भाड्याच्या खोलीत राहतं म्हणून पंचनाम्यात ज्याचं नाव लागलं नाही असं कोण, नवरा बाहेरगावी असतो म्हणून एकटी पोरं घेऊन कोण राहते, हे बचत गटांइतकं गावात कुणालाच ठाऊक नसतं. ओढ्यापलीकडच्या वस्तीत तुमचा एखादा गट नक्की असेल. त्या गटातल्या बाईला विचारा, ते दोन दिवस त्यांनी कसे काढले. वहीचं पहिलं पान तिच्या तोंडून येऊ दे.

सगळ्यांसाठी नमुना एकच ठेवा. ठिकाण, कुठल्या पुरात, पाणी कधी आलं, किती चढलं, कधी उतरलं, कुणी पाहिलं. भिंतीवरच्या खुणा फूटपट्टीनं मोजा आणि २००५, २०१९, २०२१ असे रंगानं रंगवून ठेवा. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर दोन्ही लिहा, ओढून ताणून मेळ घालू नका. दर पानावर साती संस्थांच्या सह्या. पाळीपत्रकासारखं ठरवून टाका की बैठक एकदा दूध संस्थेत, एकदा तालमीत, एकदा ग्रामसंघाच्या खोलीत, आणि ज्याच्याकडं बैठक तोच त्या दिवशीचं इतिवृत्त लिहिणार. पाटकऱ्यासारखा एखादा माणूस शोधा, निवृत्त शिक्षक किंवा पोस्टमन, ज्याच्याकडं वही राहील. पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणारा माणूस मात्र नको.

यात हवामान बदल कुठं आला, असं त्या मोठ्या संस्थेची माणसं विचारतील. हाच हवामान बदल आहे, ताई. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि धरलेलं कधीतरी एकदम सोडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत, आणि त्यामागं तापणारा अरबी समुद्र आहे. वर्षाचा पाऊस तेवढाच दिसतो, पडतो मात्र चार दिवसांत. तुमच्या आजीनं एक महापूर पाहिला असेल, तुमच्या लेकरानं शाळा संपायच्या आत दोन पाहिले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडं येते, दुसरा शेवटी घेते. धोरण बदलतं का? धोरण म्हटलं की आपण मुंबईकडं बघतो. पण पाणी वाढेल तेव्हा तुमच्या गावाचं काय होणार, हे ज्या कागदांवर ठरतं ते फार लांब नाहीत.

पहिला कागद ग्रामपंचायत विकास आराखडा. वित्त आयोगाचा पैसा कुठं जाणार ते त्यात ठरतं, आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही तो बघता येतो. तुम्ही ग्रामसंघाच्या सचिव, म्हणजे गरिबी निर्मूलनाचा जो आराखडा गट मिळून करतात, ज्याला सगळे व्हीपीआरपी म्हणतात, तो दर वर्षी तुमच्याच हातून जातो. तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मिसळायचा असतो. बहुतेक ठिकाणी ते रकाने भरून पाठवायचं काम होऊन बसलंय. या वर्षी त्यात वस्तीकडचा उंच रस्ता, जनावरांच्या निवाऱ्याची जागा, शाळेच्या वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आणि संडास, लाइफ जॅकेट, एवढं वहीच्या आधारानं लिहा. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला उलटलेली ती बोट आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं लाइफ जॅकेटला विरोध होणार नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. तिथं ठराव करून घ्या आणि इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग चार टाळकी बसून काय वाटेल ते मंजूर करतात. साती संस्थांनी मिळून पहिलं काय करायचं असेल तर हेच, त्या दिवशी शंभर माणसं वेळेवर आणून बसवायची. सरपंच म्हणतात ना, एक होऊन या? या अशा.

दुसरा कागद जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. २००५ च्या कायद्यानं तो प्रत्येक जिल्ह्यात असावाच लागतो. जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि आराखड्याचा दर वर्षी आढावा घ्यायचा असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून तो करायचा, असं कायदाच म्हणतो. त्यात तुमच्या गावाबद्दल काय लिहिलंय ते दहा रुपयांच्या तिकिटावर माहितीच्या अधिकारात मागा. निवारा म्हणून जी इमारत दाखवली असेल तीच २०२१ ला पाण्यात होती, असंही निघू शकतं. मान्सूनपूर्व आढावा बैठकांच्या आधी, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, वहीची प्रत तहसीलदारांच्या हातात पडली पाहिजे. जूनमध्ये दिलेल्या कागदाला कितीही चांगला माणूस काही करू शकत नाही.

आणि हे गावापुरतं ठेवू नका. वरच्या-खालच्या गावांतल्या ग्रामसंघांना तोच नमुना द्या. तुमच्याकडं प्रभागसंघाची वाट तयारच आहे, तिथं सगळ्या गावच्या बायका भेटतात. 'रस्त्याचा भराव काढून तिथं कमानींचा पूल करा' असं एका गावानं म्हटलं तर ती तक्रार होते. भरावाच्या वरच्या अंगाच्या गावांत पाणी किती दिवस जास्त थांबलं, हे आठ गावांच्या एकसारख्या वह्या दाखवतात तेव्हा अभियंत्याला त्यावर उत्तर लिहावं लागतं. पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्यानं सांगली-कोल्हापुरात कामं व्हायची आहेत. त्यांत भिंती किती, मोऱ्या किती आणि ओढ्यांच्या मोकळ्या वाटा किती, हे ठरताना तुमच्या वह्या टेबलावर असाव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

लहान गावाचं कोण ऐकतं, या शंकेवर मेंढा (लेखा) चं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. गडचिरोलीतलं ते गोंड आदिवासींचं छोटं गाव. तिथं आधी अभ्यासगट बसतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते, बहुमतावर काही रेटत नाहीत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. एवढ्यावर भागलं नाही, बांबू वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. ते कागद घेऊन भांडत राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले, परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर इतर गावांनी तीच वाट धरली. तुमची वही हा त्या अभ्यासगटाचाच धाकटा भाऊ समजा.

अलमट्टीचा मोर्चा पोरांना काढू दे, अडवू नका. पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेण्याचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि त्याची भीती खोटी नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांकडं बोट दाखवलं, यावर आपल्याकडं अजून वाद चालू आहे. पोरांना एवढंच सांगा की त्या वादात उद्या खरंच कुणी तुमच्या गावचा पुरावा मागितला, तर तो वहीतूनच निघणार आहे. वहीला या, मग आम्ही मोर्चाला येतो. आणि दिलेला शब्द पाळा, बायका घेऊन जा मोर्चाला.

उसाचा विषय तुम्ही काढूच नका. तो आपोआप निघेल. किती दिवस पाणी थांबलं, पोंग्यात पाणी जाऊन कुठला ऊस कुजला, कुठला वाचला, हे शेतकरी संघटनेनं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं की नदीच्या कडेला काय लावायचं हा प्रश्न त्यांच्यातलाच एखादा विचारेल. तोपर्यंत पाचट न जाळता सरीत कुजवणं एवढं तुमच्या गटातल्या बायकांनी आपापल्या रानात सुरू करावं. धूरही कमी, जमिनीलाही बरं, आणि कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

आता त्या मोठ्या संस्थेच्या सहीचं. पंधरा दिवसांत सही देऊ नका. माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही, बहुतेकांना खरंच काम करायचं असतं, पण त्यांच्या निधीचं वर्ष मार्चला संपतं आणि तुमचा पूर जुलैला येतो. त्यांना चहाला बोलवा, साती संस्थांसमोर बसवा आणि शांतपणे विचारा. गोळा केलेली माहिती कुणाची, तिची मराठी प्रत गावाकडं राहणार का? आराखडा झाल्यावर त्यातलं पहिलं काम कुठल्या पैशातून होणार? मुंबई महापालिकेनं मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला, पण तो कुठल्या खर्चाशी बांधलाय हे दिसायला लागलं ते २०२४ च्या हवामान अर्थसंकल्पापासून. एवढ्या मोठ्या महापालिकेला जर दोन वर्षं लागली, तर तुमच्या आराखड्याला पैशाचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा. निधी ग्रामसंघाच्या खात्यावर येईल असं ते म्हणत असतील तर तो परदेशी आहे का ते विचारा. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेली देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडं वळती करता येत नाही. आणि तुमच्याकडून त्यांनी काय द्यावं तेही सांगा. पूरखुणांची नेमकी उंची मोजायला यंत्र आणि ते चालवणारा माणूस आठ दिवस, माहितीच्या अर्जासाठी एक वकील, आठ गावांच्या वह्या टंकून द्यायला एक मुलगी. याला ते हो म्हणाले तर संमतीपत्राचा मसुदा तुम्ही लिहा, त्यांनी सही करावी. नाही म्हणाले तर चहाचे पैसे गेले, दुसरं काही नाही.

राहिला फ्लेक्स. 'एक गाव एक गणपती' ज्या गावांत टिकला तिथं मंडळं बंद झाली नाहीत. पाटीवर मंडळाचं नाव राहिलं, मान वर्षाआड फिरता ठेवला आणि वर्गणीचा हिशेब चावडीवर लागला. तुम्हीही नावं अकारविल्हे लिहा, फोटो कुणाचाच नको, आणि जमलं तर फ्लेक्सच नको. त्या पैशात रंगाचा डबा आणि ब्रश आणा. २०१९ ची रेघ, २०२१ ची रेघ देवळाच्या भिंतीवर रंगवली की येणारा-जाणारा तीच वाचेल.

सुरुवात याच आठवड्यात करा, आणि बैठकीनं करू नका. दूध संस्थेच्या सचिवाकडं जा आणि २०१९ च्या ऑगस्टचं संकलन रजिस्टर बघायला मागा. २०२१ ला ते भिजलं असेल, नसेल तर वाळवीच्या तोंडाला असेल, किंवा कपाट रिकामं करायचं म्हणून येत्या दिवाळीला रद्दीत जाईल. पानांचे फोटो काढून ठेवा.

तुमची,
ताई